भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं? एकदा नीट हिशेब मांडू

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आला की एक वाक्य कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतं. "बाबासाहेबांना पाडणारा जिल्हा म्हणजे भंडारा." मग खाली आपलेच लोक भांडतात. एक म्हणतो, काँग्रेसनं पाडलं. दुसरा म्हणतो, जिल्ह्यानं पाडलं, मान्य करा. तिसरा म्हणतो, जुनं काहून उकरता? आणि १९५४ ला नेमकं काय झालं होतं, हे सांगणारा त्या भांडणात सहसा कोणी नसतो.

मी गेली वीसेक वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतो. लोकसभेच्या निवडणुका प्रचारात फिरून पाहिल्या, मतमोजणीच्या मंडपाबाहेर उभं राहून पाहिल्या. आमच्या मतदारसंघाचा इतिहास एका टोमण्यात संपवण्याइतका साधा नाही. त्यात विडी आहे, महानुभाव पंथ आहे, सर्वोच्च न्यायालय आहे आणि शेवटी आपण सगळे आहोत. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

सुरुवात पहिल्या निवडणुकीपासून करू, कारण १९५४ चं मूळ तिथं आहे.

१९५२ मध्ये भंडारा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्रच नव्हता. आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच. (वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला.) भंडारा लोकसभा मतदारसंघ "द्विसदस्यीय" होता. म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर.

ही पद्धत आजच्या पिढीला माहीत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. प्रत्येक मतदाराला दोन मतं असायची. तेव्हा चिन्हावर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक धरायचे, दुसरी बाद. राखीव जागेच्या उमेदवारालाही सगळ्या मतदारसंघाची मतं लागायची, फक्त त्याच्या समाजाची नाही. इथंच सगळी मेख आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९५२ ला दोन्ही जागा काँग्रेसच्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी, राखीव जागेवर तुलाराम साखरे. निकाल लागला, खासदार दिल्लीला गेले, आणि इकडे निवडणूक याचिका दाखल झाली. ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १५ फेब्रुवारी १९५४ ला न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिलेला तो निकाल आजही निवडणूक कायद्याच्या खटल्यांत दाखला म्हणून वापरतात. भंडाऱ्याचं नाव कायद्याच्या पुस्तकात गेलं ते असं. पण ते आपल्या शाळेत कोणी सांगत नाही.

खटल्यात दोन मुद्दे होते.

पहिला विडीचा. जसानी हे मूलजी सिक्का अँड कंपनी या विडी कंपनीत भागीदार होते. तेंदूपत्ता, तंबाखू आणि घराघरांत सुपात विड्या वळणाऱ्या बायका, यावर या जिल्ह्याचं अर्धं अर्थकारण तेव्हा चालायचं. या कंपनीचा केंद्र सरकारशी करार होता, लष्करी जवानांच्या कँटीनला विड्या पुरवण्याचा. आणि कायदा असा की सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे, तो खासदारकीला अपात्र. जसानींच्या बाजूनं युक्तिवाद झाला की करार राष्ट्रपतींच्या नावानं रीतसर केलेला नाही, म्हणजे घटनेच्या दृष्टीनं तो करारच नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. माल जातोय, पैसे येतायत, मग हितसंबंध आहेच. जसानी अपात्र ठरले.

आजच्या काळात ठेकेदार आणि लोकप्रतिनिधी हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात. त्यामुळं विड्यांच्या करारावरून खासदारकी गेली हे ऐकून नव्या पोरांना हसू येतं. पण झालं होतं खरं.

दुसरा मुद्दा जास्त खोल होता. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते जन्मानं महार, पण महानुभाव पंथात गेलेले. निवडणूक अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला. कारण काय, तर महानुभाव जातिभेद मानत नाहीत, पंथ घेतला म्हणजे तुम्ही महार राहिला नाहीत. प्रश्न असा उभा राहिला की माणसानं पंथ बदलला तर त्याची जात जाते का?

न्यायालयानं तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. जुना समाज त्या माणसाला काय समजतो? त्या माणसाचा स्वतःचा इरादा काय? आणि नव्या पंथाचे नियम काय? ठवरे यांचं राहणं, सोयरीक, लग्नकार्य सगळं महार समाजातच होतं. समाजानं त्यांना बाहेर काढलं नव्हतं, त्यांनीही समाज सोडला नव्हता. श्रद्धा बदलली, पण गाव त्यांना ओळखत होतं ते जुन्याच ओळखीनं. म्हणून ते महारच राहिले आणि त्यांचा अर्ज फेटाळणं चूक होतं, असं न्यायालयानं ठरवलं. अर्ज चुकीनं फेटाळला गेला, सबब सगळी निवडणूकच रद्द. दोन्ही जागा रिकाम्या.

म्हणजे १९५४ ची ती प्रसिद्ध पोटनिवडणूक कोणाच्या निधनामुळं किंवा राजीनाम्यामुळं लागली नव्हती. विडीचा करार आणि एका दलित उमेदवाराचा नाकारलेला अर्ज, या दोन कारणांनी ती लागली.

आता बाबासाहेब. १९५२ ला ते मुंबईतून हरले होते. तो मतदारसंघही दोन जागांचाच होता. काँग्रेसचे नारायण काजरोळकर तिथं निवडून आले. त्याच निवडणुकीत समाजवादी पक्षाचे अशोक मेहता बाबासाहेबांबरोबर युतीत सर्वसाधारण जागेवर उभे होते, तेही पडले. त्यानंतर बाबासाहेब राज्यसभेत गेले. १९५४ ला भंडाऱ्याच्या दोन जागा रिकाम्या झाल्या तेव्हा तीच जोडी पुन्हा उतरली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. आंबेडकर. समोर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. ऐन उन्हाळा. वैनगंगेच्या काठच्या एप्रिल-मे महिन्यात बाबासाहेब तब्येत बरी नसताना सभा घेत फिरले. नेहरू सरकारच्या धोरणांवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर त्यांनी जोरदार टीका केली.

निकाल असा लागला. अशोक मेहता दीड लाखाच्या जवळपास मतं घेऊन निवडून आले. बोरकर एक लाख चाळीस हजारांच्या आसपास मतं घेऊन राखीव जागेवर आले. बाबासाहेबांना एक लाख बत्तीस हजारांच्या आसपास मतं पडली. फरक आठ हजारांच्या थोडा वर.

आता आकड्यांकडं नीट बघा. एकाच युतीचे दोन उमेदवार, एकच प्रचार, प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतं. तरी मेहतांना बाबासाहेबांपेक्षा पंधरा हजारांवर मतं जास्त. याचा सरळ अर्थ एकच निघतो. किमान तेवढ्या मतदारांनी एक मत युतीच्या मेहतांच्या पेटीत टाकलं आणि दुसरं मत बाबासाहेबांच्या पेटीत टाकलं नाही. ती मतं बाबासाहेबांकडं वळली असती तर निकाल उलटा लागला असता. बाबासाहेब हरले होते आठ हजारांनी.

काँग्रेसनं पाडलं हे अर्धं खरं आहे. काँग्रेस समोर उभी होती, ती पाडायलाच उभी होती. पण मित्राच्या मतदारानं हात आखडला, हे उरलेलं अर्ध खरं. ते बोलायला आजही जड जातं, कारण तो मतदार म्हणजे तुमच्या-माझ्या घरातले आजोबा-पणजोबा.

इथं एक किस्सा येतो, आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं होतं की आपल्या लोकांना सांगू, एकच मत टाका, दुसरं कुजवा. दुसरं मत दुसऱ्या कोणाला गेलंच नाही तर आपला उमेदवार वर राहतो. त्या काळी हा डाव सर्रास खेळला जायचा. बाबासाहेबांनी नकार दिला, असं जुने कार्यकर्ते सांगत आले. ज्यानं घटना लिहिली त्यानं मत वाया घालवा असं कसं सांगायचं?

हा किस्सा मला खरा वाटतो, आणि त्याला मुंबईचा आधार आहे. १९५२ ला मुंबईत अशीच हजारो मतं दुहेरी पडून बाद झाली होती. त्याविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका केली होती. ज्या गोष्टीविरुद्ध माणूस कोर्टात गेला, तीच गोष्ट दोन वर्षांनी भंडाऱ्यात स्वतः कशी करणार? त्यांच्या लोकांनी दुसरं मत मेहतांना दिलं. मेहता लोकसभेत गेले. उलट बाजूनं मत पुरेसं आलं नाही.

दोन मतांच्या या पद्धतीचं दुसरं टोक बघायचं तर जरा लांब, ब्रिटनमधल्या वेल्सला जाऊ. तिथं मर्थर टिडफिल नावाचा कोळसा-लोखंडाचा भाग. तोही दोन खासदारांचा मतदारसंघ, तिथंही प्रत्येक मतदाराला दोन मतं. १९०० साली लिबरल पक्षाचे, खाणमालक असलेले डी. ए. थॉमस पहिल्या क्रमांकानं आले. दुसऱ्या जागेवर आले केअर हार्डी, लहानपणी खाणीत राबलेला मजूर नेता. हार्डी निवडून आले याचं मोठं कारण असं की थॉमस यांच्या लिबरल मतदारांनी आपलं दुसरं मत त्यांना दिलं. पुढं ब्रिटनचा मजूर पक्ष उभा करणाऱ्यांत हार्डी अग्रभागी होते. पद्धत तीच, दोन मतं तीच. तिथं दुसरं मत मालकाच्या मतदाराकडून मजुराकडं गेलं. आपल्याकडं ते जातीच्या उंबऱ्याशी अडलं.

म्हणून "भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं का?" या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. एक लाख बत्तीस हजारांच्या आसपास मतं देणारा जिल्हा द्वेष्टा नव्हता. ती काही फक्त एका समाजाची मतं नसणार. पण ज्यांनी एक मत युतीला दिलं आणि दुसरं देताना हात मागं घेतला, त्यांनी निकाल ठरवला. सगळा जिल्हा दोषी नाही. सगळा जिल्हा निर्दोषही नाही.

गोष्ट इथं संपत नाही. बोरकर फार काळ खासदार राहिले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १९५५ ला पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर लोकसभेवर गेल्या. चार वर्षांत जिल्ह्यानं लोकसभेसाठी तीनदा मतदान केलं. आणि आता एक गोष्ट लिहून ठेवा. अनुसयाबाईंनंतर आजपर्यंत, जवळपास सत्तर वर्षांत, भंडाऱ्यातून एकही बाई लोकसभेवर गेलेली नाही. आपली एकमेव महिला खासदार कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना विचारून बघा. बहुतेकांना नाव सांगता येणार नाही.

दोन जागांची पद्धत पुढं फार टिकली नाही. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरमला दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार आले आणि व्ही. व्ही. गिरी, जे पुढं राष्ट्रपती झाले, ते पडले. ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेलं. मतं जास्त असतील तर राखीव गटातला माणूस सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, असं न्यायालयानं सांगितलं. त्यानंतर १९६१ ला कायदा करून द्विसदस्यीय मतदारसंघच बंद केले. १९६२ ला भंडारा सर्वसाधारण झाला, गोंदिया वेगळा राखीव मतदारसंघ झाला. पुढच्या फेररचनेत तो गोंदियाही गेला. तेव्हापासून भंडाऱ्याची लोकसभेची जागा सर्वसाधारणच आहे.

आणि ठवरे यांच्या खटल्यातला प्रश्न? तो दोनच वर्षांनी लाखो लोकांपुढं उभा राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. भंडाऱ्यातली गावंच्या गावं बौद्ध झाली. मग राखीव जागेचं काय? १९६२ ला नागपुरातून राखीव जागेवर आमदार झालेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झाली, कारण त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. महानुभाव झालेला माणूस महार राहू शकतो, बौद्ध झालेला नाही, असा हा कायदा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत स्थान मिळायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. भंडाऱ्याच्या एका अर्जावरून सुरू झालेला प्रश्न किती घरांत पोचला, ते बघा.

आता पुढचा प्रवास थोडा झपाट्यानं करू.

१९५२ ला आपण मध्य प्रदेशात मत दिलं, १९५७ ला द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६२ ला महाराष्ट्रात. लागोपाठ तीन निवडणुका, तीन राज्यं. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला झोडपलं, पण विदर्भात काँग्रेस टिकली. भंडाऱ्यातून रा. म. हजरनवीस आणि बाळकृष्ण वासनिक (मुकुल वासनिकांचे वडील) आले. १९६२ ला हजरनवीस पुन्हा भंडाऱ्यातून, वासनिक गोंदियातून. हजरनवीस केंद्रात कायदा खात्याचे उपमंत्रीही होते.

१९६७ ला पुन्हा अशोक मेहता, पण यावेळी काँग्रेसच्या तिकिटावर! १९५४ ला ज्या काँग्रेसला हरवून ते इथून गेले, तिचेच उमेदवार म्हणून परत आले. मधल्या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, मंत्री झाले. पक्ष बदलून येणाऱ्याला आपण आज नावं ठेवतो, पण हा रस्ता नवा नाही. मात्र मेहतांबद्दल एक गोष्ट मानाची. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि भारतानं ठाम निषेध केला नाही, म्हणून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. भंडाऱ्याच्या खासदारानं प्राग शहरासाठी मंत्रिपद सोडलं. असा राजीनामा आता दुर्बीण घेऊन शोधावा लागेल.

१९७१ ला काँग्रेसचे ज्वालाप्रसाद दुबे. १९७७ ला आणीबाणीनंतर जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर. १९८० आणि १९८४ ला काँग्रेसचे केशवराव पारधी. १९८९ ला खुशाल बोपचे, आणि मतदारसंघात पहिल्यांदा भाजपचं कमळ.

मग १९९१ ला प्रफुल्ल पटेल आले. १९५२ ला जसानी, १९९१ ला पटेल. दोघांच्याही घरामागं गोंदियाचा विडीचा धंदा. प्रफुल्लभाईंचे वडील मनोहरभाई पटेल आमदार होते, गोंदिया एज्युकेशन सोसायटी त्यांनीच काढली. १९९१, १९९६, १९९८ अशा सलग तीन निवडणुका पटेल जिंकले. तेव्हा नागपूरचे पत्रकार भंडाऱ्याला "पटेलांचा बालेकिल्ला" लिहू लागले.

बालेकिल्ला किती टिकला? १९९९ ला भाजपचे चुन्नीलाल ठाकूर जिंकले. २००४ ला स्वतः पटेल भाजपच्या शिशुपाल पटलेंकडून अवघ्या तीन हजारांच्या आसपास मतांनी पडले. पडूनही ते राज्यसभेत होते आणि विमान वाहतूक मंत्री झाले. २००९ ला मात्र त्यांनी अडीच लाखांवर मतांनी बाजी मारली. तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर होते अपक्ष नाना पटोले. त्याच पटोलेंनी २०१४ ला भाजपच्या तिकिटावर पटेलांना सुमारे दीड लाखानं हरवलं. आणि ८ डिसेंबर २०१७ ला शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून स्वतःच्याच सरकारवर टीका करत खासदारकीचा राजीनामा दिला.

२०१८ च्या मे महिन्यातली पोटनिवडणूक ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. २८ मेला मतदान. रणरणतं ऊन आणि ठिकठिकाणी व्हीव्हीपॅट यंत्रं बंद. लोक रांगेत ताटकळत, काही परत घरी. शेवटी ३० मेला ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे ४८ हजारांवर मतांनी जिंकले. हे कुकडे पूर्वी तुमसरचे भाजपचे आमदार.

२०१९ ला भाजपचे सुनील मेंढे जवळपास दोन लाखांनी आले. २०२४ ला तेच मेंढे काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे यांच्याकडून ३७ हजारांवर मतांनी पडले. ज्या पटेलांशी भाजप वर्षानुवर्षं लढली, ते यावेळी भाजपच्या बाजूनं मतं मागत होते. आणि पडोळेंमागं पटोले होते, जे दहा वर्षांपूर्वी कमळावर निवडून आले होते. खुर्च्या सगळ्यांनी बदलल्या होत्या.

आता सगळा हिशेब एकत्र करा. १९५२ पासून आजपर्यंत भंडाऱ्यातून लागोपाठ दोनदा निवडून आलेले खासदार तीनच. हजरनवीस, पारधी आणि पटेल. १९९८ नंतर एकाही खासदाराला आपण लागोपाठ दुसरी संधी दिलेली नाही. टीव्हीवरचे विश्लेषक कुणबी किती, पोवार किती, तेली किती, बौद्ध किती असा तक्ता मांडतात. तो तक्ता तर दर निवडणुकीत तोच असतो, मग निकाल दरवेळी का बदलतो? कारण बालेकिल्ला हा शब्द पत्रकारांचा आहे, मतदाराचा नाही.

हे ऐकून छाती फुगवायची असेल तर थांबा. खासदार बदलले, प्रश्न किती बदलले? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज होता ३७२ कोटींचा. २००९ ला तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च हजारो कोटींवर गेला, आणि पाणी व पुनर्वसन हे विषय अजूनही प्रत्येक सभेत आहेत. साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन २०१३ ला झालं. त्या जागेवर कारखाना काही उभा राहिला नाही. धानाचा बोनस, खरेदी केंद्रावरच्या रांगा, नागपूर-पुण्याला निघून गेलेली पोरं. यावर कोणाला पाडलं, कोणाला आणलं, याचा फरक फार पडला नाही. आपण दर पाच वर्षांनी रागानं मत देतो आणि मग पाच वर्षं विचारत नाही. पाडण्यात आपण पटाईत आहोत. निवडून दिलेल्याला धरून ठेवण्यात, जाब विचारण्यात कच्चे आहोत.

आणि आता त्या दुसऱ्या मताबद्दल.

लोकसभेची दोन मतांची पद्धत १९६१ ला गेली, पण आपल्याकडं ती वेगळ्या रूपात जिवंत आहे. नगरपरिषदेत एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडायचे असतात. अ जागा, ब जागा. एक बहुतेक राखीव. म्हणजे आजही मतदान केंद्रात उभं राहून तुम्हाला-मला ठरवावं लागतं की एक मत आपल्या माणसाला दिल्यावर दुसरं कोणाला. मी अनेक प्रभागांत ऐकलंय, "आपली जागा नीट बघा, ती राखीव वाली जागा काय, कोणालाही देऊन टाका." काही ठिकाणी तर त्या जागेचं बटण दाबतानाच लोक कंटाळतात. हे वाक्य ऐकलं की मला १९५४ चे ते पंधरा हजार लोक आठवतात. तेही असंच काहीतरी म्हणाले असतील. वाईट हेतूनं नसेल, सवयीनं म्हणाले असतील.

पण त्या सवयीनं जिल्ह्याला सत्तर वर्षांचा टोमणा दिला.

म्हणून ग्रुपवर पुढच्या वेळी ते वाक्य आलं तर भांडू नका, आणि मान खाली घालून गप्पही बसू नका. हिशेब सांगा. सांगा की जिल्ह्यानं बाबासाहेबांना सव्वा लाखावर मतं दिली होती. सांगा की बाबासाहेबांच्या माणसांनी युतीचा शब्द पाळला, आणि पुरेशा लोकांनी तो परत पाळला नाही. सांगा की अनुसयाबाई बोरकर नावाची एक खासदार इथून गेली होती. आणि आपल्या प्रभागात पुढची निवडणूक येईल तेव्हा अ जागेइतकाच विचार ब जागेचा करा.

घरात कोणी आजोबा-आजी १९५४ च्या मतदानाबद्दल काही सांगत असतील, तर ते खाली लिहा. पेट्या कशा होत्या, सभा कुठं झाली, कोण कोणाला मत द्यायला सांगत होतं. अशी माणसं आता फार थोडी उरलीत, आणि हे सगळं अजून नीट कुठं लिहिलेलं नाही.